मऊ, मध्यम, कडक

३ मार्च, सोमवार

खताच्या दुकानदाराने जानेवारीत दिलेली डायरी आजवर कोरीच होती. कमल म्हणाली, दुपारभर पंख्याकडे बघत पडता, त्यापेक्षा काहीतरी लिहा. तिचंही बरोबर आहे. दुपारी आम्हाला काम नसतं. दहा वाजल्यानंतर जळगावातली काच अशी तापते की साबणाचं पाणी लावलं की जागच्या जागी वाळतं आणि डाग धरून बसतं. म्हणून पहाटे साडेपाच ते नऊ, आणि मग ऊन उतरल्यावर. मधला सगळा वेळ पंख्याचा.

आता डायरीशी ओळख करून घेतो. मी सुकदेव, वय चौपन्न. सावद्याकडे एका व्यापाऱ्याकडे बावीस वर्षं केळीच्या बागा बघितल्या. घड कापायला आला की नाही हे अंगठ्याने सांगायचो. केळाच्या कडेवरून अंगठा फिरवला की शीर किती टोकदार, किती बोथट, ते कळायचं. शेतकरी म्हणायचे, आठ दिवस थांबा म्हणून सुकदेवभाऊचा अंगठा सांगतो. गुडघ्यांनी बागा बंद केल्या. मग मी आणि माझा मेहुणा, कमलचा भाऊ समाधान, दोघांनी काचा धुण्याचं काम धरलं. त्याला तीन वर्षं झाली. तो मुक्ताईनगरजवळचा, पण आठवडाभर आमच्याकडेच असतो.

लिहायचं कारण असं की आज धुळ्याहून फोन आला. रुपचंदनाना म्हणून एक मोठे कापडवाले आहेत. त्यांचं चार मजली नवं दुकान आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, उघडणार. समोरची सगळी भिंत काचेची आणि काचेवर बाहेरून तांबूस फिल्म. आधी दोन काचा धुऊन दाखवायच्या. पसंत पडलं तर सगळी इमारत आणि वर्षभराचं कायमचं काम. असं काम आम्हाला अजून मिळालेलं नाही. आज इकडे, उद्या तिकडे ब्रशचे लांब दांडे घेऊन फिरायचा आता कंटाळा आला आहे.


७ मार्च, शुक्रवार

ब्रश घ्यायला योगराजच्या दुकानात गेलो. काच धुण्यात सगळा जीव ब्रशच्या केसांत असतो. मऊ केस फिल्मला चालतात, पण चिकट धूळ सोडवत नाहीत. मध्यम केस साध्या काचेला. कडक फक्त चौकटीला आणि खालच्या पट्टीला. कडक काचेवर गेला की संपलं.

दुकानात लिहिलेल्या नावांवर मी जात नाही. आमची परीक्षा केळीच्या पानाची. पानाच्या पोटाशी पांढरी भुकटी असते. पान उलटं धरायचं, ओला ब्रश एकदा वरून खाली ओढायचा. भुकटी तशीच राहिली तर मऊ, भुकटी जाऊन पान साबूत राहिलं तर मध्यम, पानावर रेघ उठली तर कडक. ही युक्ती माझी. पण इथे शहरात पान विकत आणावं लागतं, म्हणून वर्षभरात ते सोडून दिलं. अंगठा आहे की.

योगराजने दहा ब्रश पुढे टाकले. मी एकेक दाबून पाहिला. सगळे कापसासारखे! म्हटलं, "योगराज, मध्यम दाखव, बाळाची टाळू पुसायची नाही मला." तो म्हणाला, "भाऊ, ह्यो मध्यमच हाये." हल्ली कंपन्या केसातसुद्धा चोरी करायला लागल्या. शेवटी तिन्ही प्रकारचे घेतले. दिसायला तिन्ही सारखेच काळे, म्हणून गळ्यात दोरे बांधले. मऊला पांढरा, मध्यमला पिवळा, कडकला लाल.

येताना एक भाजीवाली मागून ओरडत आली. माझी चप्पल तिच्या गाडीपाशी राहिली होती. मी वीस पावलं अनवाणी चाललो होतो. चपलाही हल्ली सैल बनवतात.


१४ मार्च, धुळवड

कॉलेज रोडच्या एका कोचिंग क्लासच्या काचा पोरांनी रंगवल्या होत्या. संध्याकाळी गेलो. नवा दांडा मला आवडत नाही. जुन्या दांड्यातून काच बोलायची. वर तिसऱ्या मजल्यावर वाळूचा एक कण अडकला तरी खाली तळहाताला कळायचं. हा मुका आहे. समाधानला म्हटलं तर तो म्हणाला, "दांडा तोच हाये दाजी, फक्त मूठ बदलली." म्हणजे मूठ खराब.

तो अधूनमधून माझ्याकडे बघत होता. मी विचारलं, काय रे? "काही नही. जोर जरा कमी लावा." मी त्याला म्हटलं, तू पाळण्यात होता तेव्हा मी घड दाबत होतो. हे काही खरं नाही, तो माझ्यापेक्षा आठच वर्षांनी लहान आहे. पण तो बादली भरायला निघून गेला.

फार थकलो. तहान तर अशी की माठ रिकामा केला. उन्हाळा लवकर लागला.


१९ मार्च, बुधवार

आज कमल विनाकारण किंचाळली. मी चहाचा स्टीलचा पेला धरून पेपर वाचत होतो. ती धावत आली आणि पेला हिसकावला. "चटका बसत नही का तुम्हाले? चुलीवरून आताच उतरवला व्हता!" म्हटलं, कामकऱ्याचे हात आहेत, तुझ्या आत्याबाईचे नव्हेत. संध्याकाळी बोटांवर तीन फोड दिसले. तिने तूप लावलं आणि बराच वेळ माझा हात तिच्या हातात धरून बसली. बायकांना वयाबरोबर माया येते म्हणतात ते खरं असावं.

त्यानंतर ती आणि समाधान ओट्यावर हळू आवाजात बोलत होते. माहेरच्या गोष्टी असतील.

कमल सारखी म्हणते, शुगर तपासा. तीन वर्षांपूर्वी थोडी निघाली होती. गोळ्या महिनाभर घेतल्या आणि बरं वाटलं, मग कशाला घ्यायच्या?


२६ मार्च, बुधवार

धुळ्याला जाऊन आलो. काम फत्ते! इमारत बाहेरून बघितली तेव्हा वाटलं, हे जमायचं नाही. बांधकामाची सिमेंटची धूळ, वर काळ्या मातीची धूळ, आणि खाली ती नाजूक फिल्म. बोअरच्या पाण्याने पांढरे डाग पडतात म्हणून मी फिल्टरचं पाणी मागून घेतलं. पिवळ्या दोऱ्याचा ब्रश लावला. दोन काचा अशा निघाल्या की समोरच्या वडाचं पान न पान त्यात मोजावं. रुपचंदनानांनी चष्मा काढून पाहिलं, बोट फिरवून पाहिलं. "एकबी रेघ नही. आखाजीना आधी बठ्ठं व्हवाले पाह्यजे," म्हणाले. म्हणजे सगळी इमारत आमची. वर्षाचं काम दिल्यातच जमा.

बसमध्ये मी समाधानला म्हटलं, बघ, फिल्मला मध्यम चालतो. लोक उगाच मऊ-मऊ करतात. तो खिडकीबाहेर बघत "हो" म्हणाला.


२ एप्रिल, बुधवार

आज घरातच फसवणूक सापडली. ब्रश उन्हात वाळवत होतो. सहज दोऱ्यांकडे लक्ष गेलं. मी घडाची गाठ मारतो, दोन वेढे आणि टोक आत. बावीस वर्षं तीच मारली. पिवळ्या आणि पांढऱ्या दोऱ्यांच्या गाठी साध्या होत्या. म्हणजे कोणीतरी सोडून परत बांधल्या.

समाधानला बोलावलं. तो खोटं बोलत नाही, हे एक बरं आहे. "म्याच बदलले दाजी. मऊवर पिवळा बांधला."

"का?"

तो पायाच्या अंगठ्याने फरशी घासत राहिला. मग म्हणाला, "तुम्ही ऐकत नही ना."

मी त्याला नको नको ते बोललो. माझ्या परीक्षेवर तुझी परीक्षा? ज्याच्या अंगठ्यावर सावद्याहून गाड्या भरायच्या, त्याला तू फसवतोस? कमल दारात उभी होती. ती भावाची बाजू घेईल म्हणून मी वाट बघत होतो, पण ती नुसती म्हणाली, "एकदा पानावर पाहून घ्या ना." म्हटलं, पान नाही न् बीन नाही.

तिन्ही ब्रशचे दोरे तोडले. तिन्ही अंगठ्याने नीट दाबून पाहिले, दोनदा पाहिले, आणि माझ्या हाताने, माझ्या गाठीने परत बांधले. आता कोणी हात लावून दाखवावा.


९ एप्रिल, बुधवार

भुसावळला बँकेच्या काचा. साध्या काचा, साधं काम. समाधान कामापुरतं बोलतो. ब्रशच्या पिशवीजवळ तो जात नाही, मीच काढून देतो. घरात जेवताना कमल पण गप्प. ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी आणि ठेचा, तोंडातून आवाज फक्त चावण्याचा. तिघांच्या घरात इतकी शांतता बरी नव्हे, पण मी का आधी बोलू?


१६ एप्रिल, बुधवार, धुळे

नानांच्या गोदामात मुक्काम आहे. कापडाच्या गठ्ठ्यांवर झोपतो. सकाळी सुरू करण्याआधी समाधान म्हणाला, "दाजी, पहिल्या दिवशी पांढरा लावू, मग पाहू." मी म्हटलं, मध्यमनेच नमुना पसंत पडला होता. मग बोलून गेल्यावर आठवलं की त्या दिवशी पिवळ्या दोऱ्याखाली मऊच होता. पण पांढऱ्याने सिमेंट निघेना, दोनदा हात फिरवून पाहिला. मऊने कशी सुटेल इतकी धूळ? नमुन्याच्या काचा कमी मळलेल्या असतील. पिवळा काढला. पिवळ्याने निघालं. दुसरा मजला मीच केला, तिसरा त्याने त्याच्या जुन्या ब्रशने.


१७ एप्रिल, गुरुवार, धुळे

सगळं संपलं.

सकाळचं ऊन तिरपं पडलं तशी दुसऱ्या मजल्यावर रेघांची जाळी दिसली. एका काचेवर नाही, ओळीने सहा काचांवर. रुपचंदनाना रस्त्यात उभे राहून वर बघत होते. माणूस ओरडला असता तर बरं झालं असतं. ते हळू म्हणाले, "भाऊ, हाई काय शे? मना दुकानना तोंडवर रेघा मारी दिध्यात." मग, "हाई कोनी करं?"

माझ्या तोंडून निघालं, ब्रश याने बदलले होते. ते खोटं नव्हतं, बदलले होतेच त्याने. नानांनी समाधानकडे पाहिलं. समाधानने एकदा माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या हातांकडे.

"व्हय नाना," तो म्हणाला, "माह्याच हातानं झालं."

मी म्हटलं, आता कबूल करतोस? नानांसमोर मी त्याला सांगितलं की आजपासून तुझा रस्ता वेगळा. त्याने दांडा भिंतीला टेकवला, ओला नॅपकिन पिळून वाळत घातला आणि बसस्टँडकडे गेला.

नाना म्हणाले, सहा काचांवर उद्घाटनाचा फ्लेक्स लावून घेऊ, आखाजीनंतर बघू.


२० एप्रिल, रविवार

कमलला सगळं सांगितलं. त्याने कबूल केलं, हेही सांगितलं. कबूल केलं म्हणजे खरंच असणार, नाही का? ती भांडी घासत होती. घासायची थांबली नाही. म्हणाली, "तो लहानपणापासून असाच. दुसऱ्याचा मार खाऊन घेतो."

आखाजीला लेकी माहेरी जातात, ती दरवर्षी दोन दिवस आधी जाते. या वर्षी आजच निघाली. दारात म्हणाली, "जावयाले बोलावणं यायचं ते येईल. नही आलं तर मी काय सांगू?" खाटेकडे हात करून म्हणाली, "पान आणून ठेवलं हाये." मग गेली.

खाटेवर ओल्या फडक्यात गुंडाळलेलं केळीचं पान आणि शेजारी तिन्ही ब्रश.

मी त्याला हात लावणार नाही.


२४ एप्रिल, गुरुवार

पान सुकायला लागलं म्हणून फडकं परत ओलं केलं. एवढंच.

स्वतः भाकरी करायला गेलो, दोन करपल्या. घरात कोणी नसलं की थकवा जास्त जाणवतो. बसलो की उठवत नाही. चपला दोरीने बांधून घेतल्या आहेत.


२६ एप्रिल, शनिवार

आज केलं. समाधान कसा चुकला ते स्वतःलाच दाखवावं म्हणून केलं, हे खरं खरं लिहितो.

पान उलटं खाटेवर पसरलं. मधून वाळलं होतं, कडा अजून हिरव्या. पिवळ्या दोऱ्याचा ब्रश ओला केला. अंगठ्याने दाबला, मऊसूत लागला. मध्यमच्याही खालचा. वरून खाली एकदाच ओढला.

पान फाटलं. नुसती रेघ नाही, चिरफाळ्या झाल्या, कोणी फणीने ओढाव्यात तशा. वाटलं, वाळक्या भागावर गेला असेल. हिरव्या कडेवर ओढला. तसंच. लाल दोऱ्याचा ओढला, भुकटी जाऊन पान साबूत राहिलं. पांढऱ्याने भुकटीसुद्धा निघाली नाही.

म्हणजे मी कडकला पिवळा बांधला होता. माझ्या हाताने, माझ्या गाठीने.

मग मी भुकटीवरून अंगठा फिरवला. बोटावर पांढरं आलेलं दिसत होतं. लागलं मात्र काहीच नाही. डोळे मिटून परत फिरवला. पान आहे की खाटेची चादर, मला सांगता येईना. मी बराच वेळ तसाच पानावर हात ठेवून बसलो. चौपन्न वर्षांचा माणूस एका पानापुढे रडला, हे डायरीशिवाय कोणाला कळायचं कारण नाही.


२८ एप्रिल, सोमवार

डॉक्टर सारिकाताईंकडे गेलो. रक्त घेतलं. आकडा सांगताना त्यांनी कागद मला दिसू नये असा उलटा धरला, इतका तो मोठा होता. मग म्हणाल्या, डोळे मिटा, कुठे काही लागलं की हो म्हणा.

मी मिटले. वाट बघत बसलो. शेवटी म्हणालो, "ताई, सुरू तरी करा."

"काका, माझं दहा ठिकाणी लावून झालं," त्या म्हणाल्या.

डोळे उघडले तर त्यांच्या हातात एक छोटी दांडी होती आणि तिच्या टोकाला एकच नायलॉनचा केस. तो टोचून वाकेपर्यंत दाबायचा आणि माणसाला कळतं का बघायचं. ब्रशच आहे तो, एका केसाचा. मी विचारलं, हा मऊ की मध्यम? त्या हसल्या, मग माझा चेहरा बघून हसायच्या थांबल्या. पायांना घोट्यापर्यंत काही नाही. हातांना बोटांच्या टोकांशी नाही, अंगठ्याला तर मुळीच नाही. म्हणाल्या, हे एका दिवसात होत नाही, दोन-तीन वर्षं चालू असेल. गोळ्यांनी आणखी वाढणं थांबेल. गेलेलं परत येईलच असं सांगता येत नाही.

दोन-तीन वर्षं. म्हणजे काचांचं काम धरलं तेव्हापासून. समाधान कधीपासून बघत होता कोण जाणे. आणि कमल.


२९ एप्रिल, मंगळवार

सकाळच्या बसने धुळे. फोनवर सांगता आलं असतं, पण फोनवर माणूस अर्धं गाळतो. दुकानाला झेंडूच्या माळा चढत होत्या, दुसऱ्या मजल्यावर फ्लेक्स. नानांना सांगितलं की रेघा माझ्या, समाधानच्या नाहीत. त्याने ब्रश बदलला होता तो तुमच्या काचा वाचवायला, आणि नमुन्याच्या ज्या काचा तुम्हाला आवडल्या त्या त्याच्या ब्रशने निघाल्या होत्या. मी परत बदलला तो कडक निघाला. हाताला कळत नाही, तेही सांगितलं. फाटकं पान नेलं होतं, ते दाखवलं. का नेलं कोण जाणे.

नाना पान हातात घेऊन बघत राहिले. म्हणाले, "तुम्ही खरं सांगं, हाई बरं करं." पान परत देत म्हणाले, "पन हात तुमना चालाव नही, भाऊ. समाधानभाऊले धाडा. सहा काचस्नी फिल्म तुम्हीच बदली द्या."

मी हो म्हटलं. हे होणार हे मला बसमध्येच माहीत होतं. तरी "हात तुमना चालाव नही" ऐकलं तेव्हा मी दोन्ही हात खिशात घातले. असं मला आजवर कोणी म्हटलं नव्हतं.


३० एप्रिल, आखाजी

बोलावणं आलं नव्हतं. आखाजीला जावई बोलावल्याशिवाय गेला तर गाव वर्षभर बोलतं. मी गेलो.

समाधानच्या अंगणात झोका बांधला होता आणि शेजारच्या मुली गाणी म्हणत होत्या. तो देवघरापुढे गेलेल्या बापाच्या नावाने आखाजीची घागर भरत होता. मला बघून उठला, घागरीवरचा आंबा हाताने सावरला. मी ब्रशची पिशवी त्याच्यापुढे ठेवली. पाठ केलेलं सगळं विसरलो. एवढंच म्हणालो, "रेघा माझ्या होत्या रे. नानांना सांगून आलो. धुळ्याचं काम तुझं आहे."

"माहीत व्हतं दाजी."

"मग तू कबूल का केलंस?"

तो घागरीकडे बघत म्हणाला, "तुमचा हात गेला म्हून कळलं असतं तर नानानं तिथंच हाकललं असतं तुम्हाले. मले काय, मले दुसरीकडं काम भेटलं असतं." मग पिशवीतून तिन्ही ब्रश काढले आणि सवयीने माझ्यापुढे धरले. गेली तीन वर्षं तो असंच विचारत आला. "कोन्ता घेऊ?"

मी हात मागे घेतले. "परसात केळ आहे ना तुझ्या?" म्हटलं. "पान घेऊन ये. तू ओढ, मी बघतो. डोळे चांगले आहेत अजून."

तो परसात गेला. कमल आतून चहाचा पेला घेऊन आली. बिनसाखरेचा होता, वासानेच कळलं. माझ्यापुढे उभी राहिली, पण पेला दिला नाही. मी हात पुढे केला, मग थांबलो.

"किती गरम आहे?" मी विचारलं.

तिने एकदम माझ्याकडे पाहिलं. मग पदराने डोळे पुसले, माझ्याशेजारी पायरीवर बसली आणि पेला स्वतःच्याच हातात धरून ठेवला. निवल्यावर दिला.